शालिनीचं तिकीट

मासळीबाजारात मथुराबाईंनी बांगड्याच्या वाट्याकडे हात केला आणि तो तसाच हवेत राहिला. वाट्यामागे बसलेली बाई त्यांच्या ओळखीची नव्हती. पूर्णगडची ठमाबाई, असं शेजारची तिला म्हणत होती. ठमाबाई माशांवर पाणी शिंपडता शिंपडता सांगत होती, "बुडायला काय झालंय तिला? पदराच्या गाठीला तिकीट बांधलान हुतं. सकाळच्या बोटीनं सरळ मुंबै गाठलीन."

"कोण गेली मुंबईला?" मथुराबाईंनी विचारलं.

"मांडवीची मालन वो. लवूची बायको. तुमी मांडवीच्याच ना? शाळेतल्या बाई? मग तुमालाच ठावक असंल."

"तिकीट कुणी पाहिलं?"

"बगायला कशाला पायजे? सगळ्यांना ठावक हाय." ठमाबाईने वाट्यात अजून एक बांगडा टाकला. "गेल्या आयतवारी आमच्याकडं खाडीच्या तोंडाला एक मढं लागलंय. पाटील मला इचारीत हुता, मांडवीची हरवली ती ही काय गो? मी म्हटलं, छट्! तिच्याजवळ तिकीट हुतं. ही दुसरीच कोनतरी."

मासे न घेताच मथुराबाई बाजारातून बाहेर आल्या. गर्दीत कुणाचा तरी धक्का लागला तेव्हा आपण रस्त्याच्या मधोमध उभ्या आहोत हे त्यांना कळलं. पदराच्या गाठीत तिकीट. हे वाक्य त्यांचं होतं. मालनबद्दल त्यांनी ते कधीच उच्चारलं नव्हतं. चार महिन्यांपूर्वी, ज्येष्ठात, स्वतःच्या पडवीत बसून त्यांनी ते म्हटलं होतं शालिनीबद्दल. आणि शालिनी तर मासिकातल्या कादंबरीतली, कागदावरची बाई. त्या कागदावरही ते वाक्य नव्हतं. त्यांनी ते तोंडाने घातलं होतं, एका दमात, डोळे पानावरून न हलवता. ते वाक्य पडवीतून उठून, माशांच्या टोपल्यांबरोबर डोक्यावर बसून पूर्णगडला गेलं, तिथे एका प्रेताला दुसरीच कुणीतरी ठरवून बसलं, आणि आता परत फिरून बाजारात त्यांच्यासमोर उभं राहिलं.

मासिक वाचनालयातून यायचं. मानमोडीच्या साथीत नवरा गेल्यावर मथुराबाई ट्रेनिंग करून मास्तरीण झाल्या आणि मुलींच्या शाळेत लागल्या, तेव्हापासून वाचनालयातून अंक घरी आणण्याची परवानगी त्यांना होती. पहिल्यांदा त्या एकट्याच वाचायच्या. मग शेजारची जनी जाळं विणायला पडवीत येऊन बसली, "मोठ्यानं वाचा वो, माझे कान रिकामेच हायत," म्हणाली. आणि दोन वर्षांत दुपारच्या वेळी तिथे दहा-बारा जणी जमू लागल्या. कुणाच्या मांडीवर जाळं, कुणाच्या मांडीवर पोर. शालिनी ही कुठल्याशा बंदरगावच्या वकिलाची बायको. नवरा तिला कोंडून घाली, सासू उपाशी ठेवी, आणि माहेरी कुणी घेत नव्हतं. भाषा भारी होती, 'दैवदुर्विलास' असा शब्द आला की मथुराबाई थांबून सांगायच्या, आणि जनी म्हणायची, "म्हंजे आमचा रोजचा." शालिनीला ताप आला की वाडीतल्या दोघीतिघी भगवतीला नवस बोलायच्या. हसण्यासारखं होतं, पण मथुराबाईंना हसू येत नसे. त्यांनाही शाळेत फळ्याकडे तोंड केल्यावर मध्येच शालिनी आठवे.

मालन सगळ्यांत मागे, खांबाला टेकून बसायची. एकोणीस वर्षांची. नवरा लवू मचव्यावर होता; दर्यावर असला की बरा असे, असं त्याच्याविषयी वाडीत बोललं जाई. मालन बोलायची नाही. तिच्या मानेवर कधी निळा वळ असे, कधी हाताला फडकं. कुणी विचारत नसे, कारण विचारून पुढे काय करायचं ते कुणाला माहीत नव्हतं. ज्येष्ठाच्या अंकात शालिनी पहाटे समुद्रावर गेली, लुगडं खडकावर ठेवलं, आणि 'सागराने त्या दुःखिनीला आपल्या विशाल अंकावर घेतले' असं छापून प्रकरण संपलं. मथुराबाईंचा आवाज खाली येत होता. त्यांनी सहज वर पाहिलं. बायका डोळे पुसत होत्या. एकटी मालन रडत नव्हती. तिचा चेहरा मोकळा झाला होता, कितीतरी दिवस विचारलेल्या गोष्टीचं उत्तर मिळावं तसा. तो मोकळेपणा कशाचा, ते मथुराबाईंना कळलं. त्यांनी पुन्हा पानाकडे पाहिलं आणि प्रकरण अजून संपलंच नाही अशा आवाजात वाचलं, "परंतु तिच्या पदराच्या गाठीत आगबोटीचे तिकीट होते."

मग जनी ओरडलीच, "गेली! गेली बाय माझी!" आणि एकच गलका झाला.

पुढे पावसाळा लागला. बोटी बंद झाल्या, अंक घाटावरून फिरून उशिरा येऊ लागले, आषाढ-श्रावणाचे तर आलेच नाहीत. त्या रिकाम्या दिवसांत शालिनी पडवीत वाढत गेली. लुगडं खडकावर ठेवलं तर पदर कुठला, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा मथुराबाई उगाच अंकाची पानं चाळू लागल्या. आपण बोलताना एवढाही विचार केला नव्हता. पण जनीने जाळ्याची गाठ मारता मारता सोडवून टाकलं: "दोन लुगडी नेसली हुती. खडकावर ठेवलान ते वरचं. हुशार हाय ती." झालं. त्यानंतर ती दोन लुगडी कुणी काढून घेऊ शकलं नाही. मुंबईत ती इस्पितळात नर्स झाली हेही पडवीतच ठरलं. एकीचं म्हणणं पडलं की ती गोव्याला गेली. तिच्याशी आठ दिवस कुणी धड बोललं नाही, मग तीही मुंबई म्हणू लागली. बाजारहाटाला आलेल्या बायकांकडून कळलं की मालगुंडकडचे लोक ती शाळेत शिकवते असं मानतात. ते मात्र पडवीने चालवून घेतलं; जनी म्हणाली, "आमच्या बाईंसारखी," आणि सगळ्या कौतुकाने मथुराबाईंकडे बघू लागल्या. लिहिणाऱ्याने हे सगळं का छापलं नाही, यालाही उत्तर होतं. मासिक पुरुष वाचतात. ती कुठे आहे ते छापलं तर वकील जाऊन धरून आणील. म्हणून त्याने एकच ओळ टाकली, बायांना कळेल अशी. मथुराबाई ऐकत राहायच्या. कधी कधी त्यांनाच वाटे, ती ओळ खरोखर कुठेतरी असेल, पुढच्या अंकात असेल, आपण ती थोडी आधी वाचली इतकंच.

भाद्रपदाचा अंक आला तो त्यांनी वाचनालयातच उभ्याने वाचला. शालिनीचं प्रेत सापडलं होतं. वकिलाने अग्नी दिला होता आणि दोन पानांनंतर त्याचं दुसरं लग्न ठरत होतं. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, आता छापलं आहे तेच वाचायचं, म्हणजे हे एकदाचं मिटेल. दुपारी त्यांनी अक्षर न् अक्षर वाचलं. संपल्यावर जनीने विचार करायलाही वेळ घेतला नाही. "ती दुसरी कोनतरी बाई. प्रेताला त्वांड कुठं राह्यलं हुतं? लिवणाऱ्यानं पण काय युक्ती काडलीन!" आणि बायका चक्क हसल्या. वकील फसला म्हणून हसल्या. मालन हसली नाही. ती खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने सारवण उकरत होती.

रस्त्यावर एक बैलगाडी थांबली होती आणि गाडीवान "बाई, सरा की" म्हणत होता. मथुराबाई सरल्या. आपण कुठे चाललो आहोत हे त्यांनी मनाशी म्हटलं नव्हतं, पण पाय मिऱ्याच्या रस्त्याला लागले होते. तिथे मालनची आई राहायची, गंगुबाई. चालता चालता त्या दुसऱ्या दिवसाची दुपार अंगावर आली, जी त्यांनी गेले बारा दिवस दारातच अडवून धरली होती. भाद्रपदाचा अंक वाचला त्याच्या दुसऱ्या दिवशी मालन एकटीच आली होती. पाटी घेऊन ती रोज यायची, घटकाभर. मथुराबाई तिला अक्षरं शिकवत होत्या. त्या दिवशी तिने पाटी काढलीच नाही.

"बाई, त्या तिकिटाचं खरंच लिवलंय ना पुस्तकात?"

"हो तर," मथुराबाई म्हणाल्या.

"मला दावा."

ज्येष्ठाचा अंक फळीवर होता. परत करायचा राहिला होता. मथुराबाईंनी तो काढला, शेवटचं पान उघडलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे बघ. हे." मालन ओणवी झाली. तिने आपलं बोट त्यांच्या बोटाशेजारी ठेवलं आणि ते ओळीवरून हळूहळू सरकवलं. तिचे ओठ हलत होते. ओळीच्या शेवटाला बोट थांबलं. ते पुन्हा मागे गेलं, पुन्हा सरकलं, पुन्हा थांबलं. मग तिने अंक मिटून त्यांच्या हातात दिला. "बरं हाय, बाई," ती म्हणाली. तिने चुलीपुढचा केर काढून दिला आणि गेली.

तिला वाचता येत होतं. एवढीच गोष्ट होती. तीन महिने आपणच तिला बाराखडी गिरवायला लावली. 'तिकीट' हा शब्द तर तिने स्वतः हट्टाने पाटीवर लिहून घेतला होता. तो शब्द त्या ओळीत नाही, हे तिला समजलं होतं, आणि समजलं हे मथुराबाईंना तेव्हाही समजलं होतं. त्या क्षणी बोलता आलं असतं. मालन, ते मी घातलं, तुझ्यासाठी घातलं, पण तिकीट काढता येतं, मी काढून देते, चल. हे सगळं आता या रस्त्यावर किती सोपं सुचत होतं. तेव्हा त्यांना फक्त लाज वाटली होती. खोटं पकडलं गेल्याची, एका अडाणी मुलीपुढे. त्यांनी अंक फळीवर ठेवला आणि वर्गाच्या वह्या ओढल्या.

चौथ्या दिवशी सकाळी भगवतीच्या किल्ल्याखालच्या खडकावर मालनचं लुगडं सापडलं, घडी घालून ठेवलेलं, वर दगड. सासूने ऊर बडवला. वाडीतल्या बायका खडकावर जमल्या, पण त्यांच्या चेहऱ्यांवर काहीतरी दुसरंच होतं. त्या एकमेकींकडे बघत नव्हत्या, हसू येईल म्हणून. पावसानंतर नुकतीच पुन्हा सुरू झालेली मुंबईची बोट त्याच सकाळी सुटली होती. जनीचा नवरा धाकू होडी लोटत होता, दोन-तीन होड्या घेऊन दक्षिणेला शोधू म्हणत होता. जनीने त्याला बाजूला घेतलं, कानात काही सांगितलं, आणि होडी परत वर ओढली गेली. शोध घेतला, बोभाटा झाला, तर बोटीवर तार जाईल, मालनला उतरवून घेतील. गप्प राहणं हेच तिला पोचवणं होतं. जनीने मथुराबाईंचा हात दाबला. "जयगड सोडलं असंल आता," ती पुटपुटली. लवूच्या अंगणात दोरीवर मालनचं दुसरं लुगडं वाळत होतं. तिच्याजवळ होती ती दोनच. मथुराबाईंना ते खडकावरून दिसत होतं, वाऱ्याने फुगत होतं, बसत होतं. त्यांनी ते पाहिलं, आणि तरीही, जनीच्या हाताच्या उबेत, घटकाभर त्यांनाही खरंच वाटलं की कुणीतरी तिला तिसरं दिलं असेल.

गंगुबाई अंगणात सुकी मासळी राखत बसली होती. वाळलेल्या लाकडासारखी बाई. मथुराबाईंनी पूर्णगडचं सांगितलं तेव्हा ती उठली नाही की रडली नाही. "ती न्हवं," म्हणाली. "पण तुमी म्हणता तर येतंय."

धाकूने त्यांना होडीतून नेलं. त्याला कुणी काही सांगावं लागलं नाही. पूर्णगड म्हटल्याबरोबर त्याने तोंड फिरवलं आणि सबंध वाटेत फक्त वाऱ्याविषयी बोलला. किनारा डाव्या हाताला सरकत होता. भाट्याच्या पुढे गेल्यावर मथुराबाईंनी बोलायला सुरुवात केली. शाळेत धडा समजावतात तसं, एकेक करून त्यांनी सगळं सांगितलं. पुस्तकात तिकीट नव्हतं. ते मी घातलं. मालनला ते कळलं होतं. तिने मला विचारलं आणि मी खोटं बोलले. सांगून झाल्यावर त्यांना वाटलं, आता ही बाई आपल्याला शिव्या देईल, निदान थुंकेल. त्यांना ते हवं होतं.

गंगुबाई पाण्याकडे बघत होती. तिकडेच बघत म्हणाली, "तुमाला सुचलं ना पण? उगाच कसं सुचंल? त्या शालिनीचं तसंच झालं असंल, म्हणून तुमच्या तोंडातनं आलं."

"गंगुबाई, शालिनी नाहीच. ती कुणी नव्हतीच कधी."

"असं नका बोलू," गंगुबाई म्हणाली, आजाऱ्याला समजवावं इतक्या हळू. धाकूने वल्हं मारायचं थांबवलं आणि पुन्हा सुरू केलं.

पूर्णगडला पोलीस पाटलाने त्यांना ओटीवर बसवलं. भला माणूस होता. प्रेत ठेवता येण्यासारखं नव्हतं, त्यामुळे पंचनामा करून वाळूतच पुरलं, असं त्याने चाचरत सांगितलं. एका फडक्यात काचेच्या चार बांगड्या होत्या आणि चोळीचा तुकडा. मग त्याने कागद वाचला. बाई वय अंदाजे अठरा ते वीस. अंगावर लुगडे नाही. डाव्या मनगटावर गोंदण, तीन ठिपके व त्याखाली फूल, फुलाच्या तीन पाकळ्या गोंदलेल्या, बाकीच्या नाहीत.

मथुराबाईंच्या डोळ्यांपुढे ते मनगट आलं. मालन पाटीवर अक्षर काढताना ते सतत समोर असायचं. लहानपणी गोंदताना ती सुई सोडून पळाली होती म्हणे, म्हणून फूल अर्धंच राहिलं. एवढी एकच गोष्ट तिने कधी हसत सांगितली होती.

गंगुबाईने चोळीचा तुकडा उचलला. मांडीवर घेऊन त्याच्या सुरकुत्या तळहाताने मोडल्या, कड कडेला जुळवली, घडी घातली आणि फडक्यावर परत ठेवला. "माजी न्हवं," ती म्हणाली. "माज्या चेडवाच्या हातावर पुरं फूल हुतं. पाच पाकळ्यांचं."

"ही मालनच आहे," मथुराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज ओटीवर फार मोठा झाला. "पाटील, मी तिला रोज बघत होते. फूल अर्धंच होतं. लिहून घ्या. ही मालन आहे."

पाटलाने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "बाई, तुम्ही तिच्या कोण?"

त्या तिच्या कुणी नव्हत्या. पाटलाने टाक उचलला, आईने ओळख पटवली नाही असं लिहिलं, आणि गंगुबाईचा अंगठा घेतला. बाहेर अंगणात चार बायका उभ्या होत्या, त्यांत बाजारातून परतलेली ठमाबाई. "म्हटलं नव्हतं मी?" ती बाकीच्यांना म्हणाली, आणि गंगुबाईच्या पाठीवरून तिने मायेने हात फिरवला. खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक उंचवटा दिसत होता. गंगुबाई त्याच्या शेजारून चालत होडीकडे गेली. तिथे तिचा पाय जरा अडखळला, असं मथुराबाईंना वाटलं. किंवा वाळू भुसभुशीत असेल.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मथुराबाई घरी आल्या तेव्हा पडवीत कुणी नव्हतं. आश्विनाचा अंक आणला होता, पण जाळी घेऊन कुणी येणार नव्हतं हे त्यांना सकाळीच कळलं होतं; पाणवठ्यावर जनीने घागर उचलून वाट बदलली होती. बाईंचं डोकं फिरलंय, वाडीत म्हणत होते. जिवंत पोरीला मेली म्हणायला पूर्णगडपर्यंत गेल्या. जनीच्या पडवीतून मात्र बोलण्याचा आवाज येत होता. वाचायला तिथे कुणालाच येत नव्हतं, पण गोष्ट चालली होती; मध्येच कुणीतरी "मग मालन काय म्हणालीन?" विचारत होतं, मध्येच "शालिनीनं तिला खोली दिलीन." दोघी आता एकाच चाळीत राहत होत्या.

तेवढ्यात गंगुबाई आली. पायरीवर बसली, पदराने तोंड पुसलं.

"पत्र लिवायचंय, बाई. मालनला."

मथुराबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत वेड नव्हतं, की विश्वासही नव्हता. त्यांना वाटलं, हिला माहीत आहे. काल मांडीवर ती चोळी घेतली तेव्हापासून, कदाचित त्याच्याही आधीपासून.

"पत्ता?" त्यांनी विचारलं.

"तो मागनं बगू. आदी मजकूर घ्या." गंगुबाई रस्त्याकडे बघत बोलू लागली, सलग, पाठ केल्यासारखं. "लिवा. तू श्रावणात माज्याकडं आलीस तेव्हा मी तुला उंबऱ्यावरनं मागं फिरवलं. जेव पण म्हटलं नाय. तुज्या पाठीवरचं मी बगितलं हुतं. बगून म्हटलं, नांदतं घर सोडू नये. लिवलंत? आता आलीस तर मागं फिरवणार नाय. पण येव नको. थयच ऱ्हा. तुजं बरं चाललंय म्हणून सगळी सांगतात. मी पण सांगतंय."

मथुराबाईंनी लिहिलं. गंगुबाईने म्हटलं तसं, तिच्याच शब्दांत. कागदाचा अर्धाही भाग भरला नव्हता.

"वाचा," गंगुबाई म्हणाली. त्यांनी वाचलं. 'तुज्या पाठीवरचं मी बगितलं हुतं' हे वाक्यही त्यांनी गाळलं नाही.

गंगुबाई शेवटपर्यंत ऐकत होती. मग तिने उरलेल्या कोऱ्या जागेकडे बोट केलं. "थोडी जागा हाय. तुमच्या मनचं कायतरी घाला. तुमाला चांगलं सुचतं."

टाकाच्या टोकावरची शाई वाळली. मथुराबाईंनी टाक पुन्हा दौतीत बुडवला, कागदावर आणला, आणि त्यांना काहीच सुचलं नाही. गंगुबाईने खांबाला पाठ टेकली, पाय लांब केले. तिला घाई नव्हती.